मनपाच्या उद्यानाच्या भिंतीवर म्युरल: अर्ज कुठे, पैसे कोणत्या अंदाजपत्रकी शीर्षातून, रंग कोणता?

रेघोट्या (प्रश्न)

नागपूर मनपाच्या लक्ष्मीनगर झोनमधल्या एका उद्यानाची रस्त्याकडची कंपाउंड भिंत आहे. लांबी १२० फूट, उंची ७ फूट, तोंड पश्चिमेला. विटांची, सिमेंट प्लास्टरची. वर जुना डिस्टेंपर आणि त्यावर पुसट झालेल्या स्वच्छतेच्या घोषणा. सहा चित्रकारांचा गट इथे म्युरल करायला तयार आहे. विषय काळी-पिवळी मारबत आणि बडग्यांची मिरवणूक (पोळ्याच्या सुमारास नागपुरात निघणारे मोठे पुतळे).

अडचणी अशा:
अर्ज झोनला करायचा की सिव्हिल लाइन्सच्या मुख्यालयात?
मनपा चित्रकारांना मानधन देऊ शकते का, की सगळं टेंडरनेच होतं? टेंडर निघालं तर सहा चित्रकार त्यात बसणार कसे?
एक रंगविक्रेता रंग फुकट द्यायला तयार आहे, पण त्याला कोपऱ्यात दुकानाचं नाव हवं.
आणि दोन पावसाळ्यांत पापुद्रे निघू नयेत म्हणून काय करायचं?

शिवाय गटातले दोघं जवळच्या चौकात भंगार लोखंडाचं एक शिल्प सुचवून राहिले. ते याच अर्जात घालावं का?

---

नस्तीवाला

आधी भिंत कोणाची ते कागदावर पाहा. नागपुरात एकाच रस्त्यावर मनपा, नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास), सार्वजनिक बांधकाम विभाग, महामेट्रो आणि रेल्वे अशा पाच मालकांच्या भिंती एकमेकींना लागून असतात. मनपाने "आमची हरकत नाही" असं लिहून दिलं, तरी नासुप्रच्या भिंतीवर त्या कागदाला काडीची किंमत नाही. वर्धा रोडच्या डबल डेकर पुलाचे खांब रंगवायचा अर्ज झोन ऑफिसात देणारे लोक आहेत. तिथे मालक वेगळा, वाट वेगळी. उद्यान विभागाच्या यादीत तुमचं उद्यान आहे का, ते झोनच्या उद्यान निरीक्षकाला विचारा. दहा मिनिटांचं काम आहे, पण ते न केल्यामुळे चार-चार महिने गेलेले अर्ज आहेत.

उद्यान मनपाचंच असेल तर अर्ज झोनच्या सहायक आयुक्तांच्या नावे, प्रत उद्यान अधीक्षकांना, आणि दुसरी प्रत झोनच्या लोककर्म (बांधकाम) विभागाच्या उपअभियंत्याला. मुख्यालयात थेट दिलेला अर्ज "अभिप्रायार्थ" म्हणून शेवटी झोनलाच येतो, तेवढा वेळ फुकट जातो. रस्त्याच्या कडेला परांची लावून फुटपाथ अडणार असेल तर वाहतूक पोलिसांची ना-हरकत वेगळी घ्यावी लागते. ७ फुटांच्या भिंतीला परांची लागत नाही, दोन लाकडी घोडे आणि फळी पुरते, तेव्हा अर्जात "रस्ता अडवला जाणार नाही" हे वाक्य आवर्जून लिहा. एक खातं कमी होतं.

अर्जासोबत: भिंतीचे तारीख-स्थळ उमटलेले फोटो, मोजमाप, रंगीत आराखडा १ इंचाला ४ फूट प्रमाणात (१२० फुटांचा ३० इंच लांब कागद होतो, घडी घालून नस्तीत, म्हणजे फाइलीत, बसतो), साहित्याची यादी, कामाचे दिवस, आणि चित्रकारांची नावं व पत्ते. आराखडा मोबाइलवर दाखवून काम होत नाही. नस्तीत कागद लागतो, कारण पुढचा अधिकारी तुम्हाला भेटणार नसतो, त्याला फक्त नस्ती भेटते.

कायद्याचा आधार पहिल्याच परिच्छेदात द्या. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत पालिकांच्या कामांत सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींना चालना देणं हे १३ व्या क्रमांकाला स्वच्छ लिहिलेलं आहे. उद्यानं त्याच्या आधी, १२ व्या क्रमांकाला. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ मध्ये मात्र बंधनकारक कामं कलम ६३ मध्ये आणि ऐच्छिक कामं कलम ६६ मध्ये आहेत. पाणी, गटार, दिवे बंधनकारकात. कलेसारख्या गोष्टी ऐच्छिकात मोडतात, म्हणजे मनपा करू शकते, करायलाच हवी असं नाही. त्यामुळे अर्जाचा सूर मागणीचा ठेवून उपयोग नाही. "अशी तरतूद आहे, असा आराखडा आहे, मनपावर एवढाच भार येतो" असा ठेवा.

आता पैसे. खरी गोम इथे आहे. मनपाच्या कागदात "चित्र" नावाची बाबच नसते, "रंगकाम" असते. अभियंता प्राकलन (खर्चाचा अंदाज) करतो ते सरकारी दरसूचीवरून, आणि दरसूचीत भिंत घासणे, प्रायमर, दोन हात एक्स्टिरियर इमल्शन यांचे चौरस मीटरचे दर आहेत. मारबतीचा दर नाही. म्हणून बहुतेक भिंती स्वच्छ सर्वेक्षणाच्या जनजागृतीच्या पैशातून रंगतात आणि त्यांच्यावर घंटागाडी, ओला-सुका कचरा आणि एक हसरं झाड असतं. रंगवणाऱ्याची कल्पनाशक्ती कमी पडते असं नाही. ते शीर्षच जनजागृतीचं आहे. २०२३ च्या मार्चमध्ये सी-२० च्या (जी-२० मधल्या नागरी संस्थांच्या गटाच्या) बैठकीसाठी शहर सजवलं तेव्हा काम सौंदर्यीकरणाखाली झालं, आणि सौंदर्यीकरणात कंत्राटदाराला भिंत कशी दिसते त्यापेक्षा किती चौरस मीटर झाली याचे पैसे मिळतात.

उपाय एकच. काम दोन तुकड्यांत मागा. भिंत घासणे, डागडुजी, प्रायमर आणि पांढरा पाया हे झोनच्या देखभाल कामातून, दरसूचीच्या दराने, त्यांच्याच कंत्राटदाराकडून. चित्र हे वेगळं, कलासेवा म्हणून, मानधनावर. पहिल्याला नवीन मंजुरी सहसा लागत नाही. दुसऱ्याची रक्कम लहान राहते आणि दरपत्रकांवर मंजूर होऊ शकते. दोन्ही एकत्र केलं की रक्कम ई-निविदेच्या मर्यादेकडे सरकते. मग बयाणा रक्कम, डिजिटल सही, मागच्या तीन वर्षांची उलाढाल असं सगळं लागतं, आणि तुमच्या सहा जणांऐवजी गटाराची झाकणं पुरवणारा माणूस सर्वांत कमी दराने ते घेऊन जातो. फक्त एक लक्षात असू द्या: मर्यादा चुकवण्यासाठी एकच काम तोडणं हा लेखापरीक्षणाचा आवडता आक्षेप आहे. इथे कामं खरोखरच वेगळ्या स्वरूपाची आहेत, हे टिपणीत कारणासह आलं पाहिजे.

रंगविक्रेत्याचं नाव कोपऱ्यात वीतभर "सौजन्य" म्हणून टाकायला हरकत नसावी.

---

चुनखडी

रंगाचं बोलतो. पश्चिमेची कंपाउंड भिंत ही म्युरलसाठी शहरातली सर्वांत वाईट जागा. दुपारभर ऊन, आणि मागून उद्यानाची ओली माती. रंग उन्हाने नंतर उडतो. त्याआधी मागच्या ओलीने पापुद्रे निघतात.

आधी ओल मोजा. दोन फूट बाय दोन फूट जाड प्लास्टिक भिंतीला चारही बाजूंनी टेपने चिकटवा, एक पूर्ण दिवस ठेवा. आतून दव धरलं तर भिंत ओली आहे. अशी तीन ठिकाणी चाचणी: एक वर, दोन जमिनीपासून हातभर. खाली ओली आणि वर कोरडी निघाली तर माती भिंतीला टेकलेली आहे किंवा स्प्रिंकलरचं पाणी थेट भिंतीवर पडतंय. माती किमान सहा इंच खाली ओढायला लावा, तुंबलेली निचऱ्याची भोकं मोकळी करा, स्प्रिंकलरचं तोंड फिरवा. हे उद्यान विभागाने करायचं आहे आणि याला पैसा लागत नाही. भिंतीच्या माथ्यावर कोपिंग (पाणी बाहेर टाकणारं झाकण) आहे का? नसेल किंवा तडकलेलं असेल तर पावसाचं पाणी वरून प्लास्टर आणि विटांच्या मधे उतरतं. कोपिंग भिंतीपेक्षा दोन्हीकडून दीड-दोन इंच बाहेर आणि खालून पाणी तोडणारी खाच, एवढं करून घ्या. ही डागडुजी झोनच्या तुकड्यात घाला.

जुना डिस्टेंपर पूर्ण घासून काढायचा. वरून प्रायमर मारून चालत नाही, कारण प्रायमर डिस्टेंपरला धरतो आणि डिस्टेंपर भिंतीला धरत नाही. तळहात घासून पाहा. पांढरा झाला तर अजून घासायचंय. डिस्टेंपरखाली चुन्याचे थर निघाले तर तेही. हिरवट-काळी बुरशी असेल तिथे ब्लीचिंगचं द्रावण, वीस मिनिटं, मग भरपूर पाणी आणि किमान तीन दिवस वाळवण. पांढरे क्षार फुललेले असतील तर ते कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतलेत तर ते विरघळून आत जातात आणि महिन्याभराने रंगासकट बाहेर येतात. नवीन प्लास्टरचे ठिगळ २८ दिवस थांबून रंगवायचे. ताज्या सिमेंटचा क्षार प्रायमर खातो आणि लाल-पिवळे रंग त्या ठिगळापुरते फिके पडतात. पुट्टी टाळा. बाहेरच्या ओल्या भिंतीवर सर्वांत आधी पुट्टी फुगते. भेगा तीन मिलिमीटरच्या आतल्या असतील तर अॅक्रिलिक फिलर, मोठ्या असतील तर व्ही आकारात कापून पॉलिमर मिसळलेला मसाला.

खालचा दीड फूट चित्रात घेऊच नका. रस्त्याच्या पाण्याचे शिंतोडे, कुत्री आणि खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण). नागपुरात म्युरल करताना खर्ऱ्याची पिचकारी हा आराखड्याचा भाग धरावा लागतो. गेरूच्या गडद छटेचा साधा पट्टा ठेवा, दरवर्षी उद्यानाचा माणूस एका सकाळी पुन्हा मारू शकेल असा. त्या छटेचा नंबर लिहून ठेवा.

हिशेब: एकूण ८४० चौरस फूट, म्हणजे सुमारे ७८ चौरस मीटर. चित्राचा भाग साडेपाच फूट उंच, ६६० चौरस फूट. प्रायमर एका हाताला लिटरमागे १०० चौरस फूट धरला तर साडेआठ लिटर. १० लिटर घ्या. पांढरा पाया, दोन हात मिळून लिटरला ५० चौरस फूट, म्हणजे १७ लिटर; २० लिटरची बादली. खडबडीत प्लास्टर असेल तर दीडपट. चित्राचे रंग साधारण दोन थर धरून १३ ते १५ लिटर, आठ-दहा छटांत विभागून. त्यातले काळा, पिवळा, गेरू जास्त, बाकी थोडे-थोडे. तुमच्या विषयात काळा आणि पिवळाच जास्त जाणार, त्यात पिवळ्याची काळजी घ्या. झगझगीत पिवळे, गुलाबी आणि फ्लोरोसेंट रंग पश्चिमेच्या उन्हात एका उन्हाळ्यात उतरतात. आयर्न ऑक्साइडचे पिवळे, गेरू, तांबूस-तपकिरी टिकतात, निळ्या-हिरव्यांत थॅलो नावाची रंगद्रव्यं. पिवळी मारबत हळदीऐवजी रामरजकडे (पिवळ्या मातीच्या रंगाकडे) झुकली तर पाच वर्षांनीही पिवळी राहील. दुकानदाराला मशीनमध्ये बाहेरच्या कामाचे टिंटर आहेत का ते विचारा आणि छटा गडद हवी तर गडद बेसमध्येच करून घ्या. पांढऱ्या बेसमध्ये टिंटर ओतून गडद केलेला रंग उशिरा वाळतो आणि हाताला लागतो.

वरचा पारदर्शक थर: दुकानदार पीयू (पॉलियुरेथेन) सुचवेल. कंपाउंड भिंतीला पीयू नको. मागून ओल येते, पीयू तिला बाहेर सोडत नाही, फोड येतात. शिवाय ताज्या अॅक्रिलिकवर सॉल्व्हंटचा पीयू मारला तर खालचा रंग सुरकुततो. पाण्यातलं अॅक्रिलिक क्लिअर, मॅट, दोन हात, चित्र पूर्ण होऊन आठवडा झाल्यावर. ६६० चौरस फुटांना १३-१४ लिटर.

मोसम दसऱ्यानंतर ते फेब्रुवारीअखेर. एप्रिल-मेमध्ये भिंत एवढी तापते की रंग ब्रशवरून भिंतीवर जाईपर्यंत वाळतो, नीट थर धरत नाही आणि पुढे पावडर होऊन झडतो. हिवाळ्यातही या भिंतीवर दुपारी एकनंतर हात थांबवा.

---

कलम_आणि_कुंचला

नस्तीवाल्यांचा बाकी सल्ला चोख, पण "सौजन्य" बद्दल सांभाळून. दुकानाचं नाव आलं की ती जाहिरात ठरू शकते. जाहिरातींचं नियमन अधिनियमाच्या कलम २४४ आणि २४५ खाली आहे, परवानगी वेगळी आणि शुल्क वेगळं. परवानगी नसेल तर उलट महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियम १९९५ लागू शकतो. कोणी तक्रार केली की आधी नावापुरता पांढरा रोलर फिरतो, आणि रोलर फिरवणाऱ्याला मारबतीचा पाय कुठे संपतो ते कळत नाही. तेव्हा विक्रेत्याचं नाव भिंतीऐवजी उद्घाटनाच्या पत्रिकेवर आणि देणगीच्या पावतीवर द्या. किंवा सगळ्या सहभागींची नावं असलेली एक छोटी पाटी, फूट बाय दीड फूट, आराखड्यातच दाखवून मंजूर करून घ्या. मंजूर आराखड्यात असलेली पाटी कुणी विचारत नाही.

याच कारणाने लेखी परवानगीशिवाय ब्रश लावू नका. "साहेब हो म्हणाले" ही परवानगी नसते, साहेबांची बदली होते.

करारात दोन गोष्टी पाहा. पहिली कॉपीराइट. कायद्याने स्थापन झालेल्या संस्थेच्या सांगण्यावरून केलेल्या कामाचा पहिला मालक, करारात वेगळं लिहिलं नसेल तर, ती संस्थाच होते. मनपा अशी संस्था आहे. तुम्हाला त्या चित्राच्या प्रिंट विकायच्या असतील, कॅलेंडर करायचं असेल, तर "कॉपीराइट चित्रकारांकडे, मनपाला विनामोबदला प्रसिद्धीसाठी वापराचा हक्क" ही ओळ आधीच घालून घ्या. नंतर होत नाही.

दुसरी, कामाची मोडतोड. कॉपीराइट गेला तरी कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५७ खाली कलाकाराचा नैतिक हक्क त्याच्याकडे राहतो: नाव लागण्याचा, आणि आपल्या प्रतिष्ठेला धक्का बसेल अशी मोडतोड थांबवण्याचा. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं विज्ञान भवनातलं भव्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये सरकारने काढून गोदामात टाकलं. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अवशेष परत द्यायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. निकाल मोठा, पण मधली वर्षं मोजा. म्हणून कोर्टावर न सोडता करारातच लिहा: भिंत पाडायची किंवा रंगवायची असेल तर ३० दिवस आधी लेखी सूचना, आणि चित्रकारांना नोंदीसाठी छायाचित्रं घेण्याची मुभा. या ओळीला सहसा कुणी विरोध करत नाही, कारण तिने मनपाचे हात बांधले जात नाहीत.

चौकातलं शिल्प याच अर्जात अजिबात नको. सर्वोच्च न्यायालयाच्या १८ जानेवारी २०१३ च्या आदेशाने सार्वजनिक रस्ते, फुटपाथ अशा जागांवर पुतळे किंवा बांधकामं करायला राज्यांनी परवानगी देऊ नये असं सांगितलंय. भंगार लोखंडाचं शिल्प "पुतळा" आहे का, हा वाद घालायला तुम्हाला झोनचा कोणता अभियंता सापडणार? तो प्रस्ताव बाजूला ठेवतो, आणि एकाच नस्तीत असेल तर भिंतही त्याच्यासोबत बाजूला पडते. शिल्प उद्यानाच्या आत मागा. रस्ता नाही, वाहनचालकाची नजर अडत नाही, रात्री फाटक बंद होतं म्हणून लोखंड चोरीला जायची भीतीही कमी. थोर व्यक्तीचा पुतळा असेल तर गोष्ट आणखी वेगळी: जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता, ती वाटच निराळी.

---

रेघोट्या

खूप उपयोगी, धन्यवाद. भिंत मनपाच्याच यादीत निघाली. मानधनाचा आकडा कसा मांडायचा? चौरस फुटाचा दर मागतात, आणि आम्ही सांगितला की "पेंटर तर याच्या चौथ्या हिश्शात करतो" असं म्हणतात.

---

देयक_प्रलंबित

चौरस फुटाचा दर सांगितला की तुम्ही पेंटरच झालात, त्यांचं चुकलं नाही. तरी अभियंत्याची अडचण समजून घ्या. त्याला मोजमाप पुस्तिकेत काहीतरी मोजलेलं लिहावं लागतं, नाहीतर देयक निघत नाही. मारबतीचे डोळे त्याला मोजता येत नाहीत. म्हणून बाब अशी लिहा: "मंजूर आराखडा क्रमांक अमुक नुसार भित्तिचित्राची संकल्पना व प्रत्यक्ष रेखाटन, एकूण ६१ चौरस मीटर, एकरकमी." मोजायला चौरस मीटर आहेत, दर मात्र एकरकमी आहे, आणि आराखड्याचा क्रमांक असल्याने दुसऱ्याच्या दराशी तुलना होत नाही.

आकडा दिवसांवरून काढा. सहा जण, समजा १२ कामाचे दिवस, म्हणजे ७२ मनुष्यदिवस. त्यात आराखड्याचे दिवस वेगळे, सहसा चार-पाच. चौकट आखायला अर्धा दिवस (सूत मारून एक फुटाची जाळी, प्रोजेक्टर रस्त्याच्या दिव्यांत चालत नाही). प्रत्येकाचा दिवसाचा दर ठरवा, त्यावर ब्रश, घोडे, फळ्या, पाणी, जेवण, अपघात विमा. हे पान अर्जाला जोडा. दर मंजूर करणाऱ्याला बचावासाठी कागद लागतो, तो तुम्हीच तयार करून द्या. तुलनेची आणखी दोन दरपत्रकं मागतील. ती चित्रकारांचीच असावीत, पेंटरची नव्हे, आणि खरी असावीत. एकाच हस्ताक्षरातली तीन दरपत्रकं नागपुरात काही नवीन नाहीत, पण लेखापरीक्षकही नवीन नाहीत.

टप्पे मागा: आराखडा मंजूर झाल्यावर ३० टक्के, रेखाटन आणि सपाट रंग झाल्यावर ४०, पूर्ण झाल्यावर ३०. आगाऊ रक्कम म्हणाल तर लेखा विभाग अडतो. "आराखडा सादर व मंजूर" हे पूर्ण झालेलं काम आहे, त्याचं देयक निघतं.

कपात: कंत्राट धरलं तर व्यक्तीला १ टक्का आयकर कापतात, व्यावसायिक सेवा धरली तर १० टक्के. दोन्ही विवरणपत्रात परत मागता येतात, पण पॅन सहा जणांचे वेगळे द्यायचे की गटाचं एकच, ते आधी ठरवा. गट नोंदणीकृत नसेल तर कार्यादेश एकाच्या नावे निघेल आणि सगळी रक्कम त्याच्या उत्पन्नात दिसेल. वाटपाचा साधा लेखी करार आपसात करून ठेवा, नाहीतर पुढे मैत्री जाते. जीएसटीत शुद्ध सेवा (साहित्याशिवाय नुसतं काम) स्थानिक संस्थेला तिच्या घटनादत्त कामासाठी दिली तर सूट आहे, साहित्याचा हिस्सा २५ टक्क्यांच्या आत असेल तरीही आहे. वर्क्स कॉन्ट्रॅक्ट (साहित्यासह बांधकाम-दुरुस्तीचं कंत्राट) ठरलं तर नाही. नस्तीवाले दोन तुकडे करा म्हणाले त्याचा हा आणखी एक फायदा. सीएकडून लेखी मत घेऊन देयकाला जोडा, कारण लेखा विभागातला कारकून स्वतःहून सूट देणार नाही.

कार्यादेशात दोष दायित्व कालावधी (काम बिघडलं तर जबाबदारी तुमच्यावर राहण्याचा काळ) वाचा. बांधकामाचा छापील मसुदा असतो, त्यात तीन वर्षं असू शकतात, आणि तेवढा काळ सुरक्षा ठेव अडकते. "पृष्ठभागाची तयारी विभागामार्फत झाल्याने ओल, प्लास्टर व पाया यांमुळे होणाऱ्या दोषास चित्रकार जबाबदार नाहीत, दायित्व एक वर्ष" अशी दुरुस्ती मागा. चुनखडींनी सांगितलेल्या प्लास्टिकच्या चाचणीचे फोटो काढून अभियंत्याची सही घेतलीत तर पुढे वादच नाही.

आणि मार्चमध्ये काम संपवू नका. मार्चअखेर लेखा विभागात रस्त्यांच्या देयकांची रास असते, तुमचं लहान देयक त्यात खाली जातं आणि एप्रिलमध्ये "तरतूद संपली" म्हणून परत येतं. जानेवारीत देयक जाईल असं मागे मोजत या: म्हणजे अर्ज ऑगस्टमध्ये, पोळ्याच्या आसपास. विषयाला शोभेलही.

---

चितारओळीतला

थोडं विषयांतर. कलाकारांना मनपाची मदत म्हणजे भिंत, एवढंच समीकरण होऊन राहिलं. मारबतीचं चित्र काढताय तर हेही पाहा की मारबत आणि बडगे करणारे, चितारओळीतले मूर्तिकार, यांना चित्राचं मानधन नको असतं. त्यांना हवी असते जून ते सप्टेंबर कोरडी जागा, शाडू मातीचा वेळेवर पुरवठा, आणि पीओपीबद्दलचा निर्णय मूर्ती तयार झाल्यावर नव्हे तर साचे काढायच्या आधी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं २०२० पासून आहेत, पण शहरपातळीवरची सूचना उशिरा आली की नुकसान मूर्तिकाराचं. शाडूची मूर्ती पावसाळ्यात वाळायला पीओपीपेक्षा कितीतरी जास्त दिवस घेते, म्हणून मोकळं समाजभवन चार महिने भाड्याने देणं ही मनपाची सर्वांत स्वस्त मदत ठरेल. त्याला कलेचं शीर्षही लागत नाही, मालमत्ता विभागाची टिपणी पुरते.

आणि मारबत रंगवताना एक सुधारणा: ती मिरवणूक तान्हा पोळ्याच्या (मुलांच्या लाकडी बैलांच्या सणाच्या) दिवशी निघते, मोठ्या पोळ्याच्या नव्हे. भिंतीवर बैलजोड्या सजवलेल्या दाखवाल तर इतवारीतलं शेंबडं पोरही हसेल. लाकडी बैल दाखवा.

---

नस्तीवाला

जाहिरातीबद्दलची दुरुस्ती मान्य, पाटीचा मार्ग बरोबर आहे.

चितारओळीचा मुद्दाही अर्जात वापरता येईल: आराखडा करताना तिथल्या एखाद्या कारागिराला सल्लागार म्हणून घ्या आणि त्याचं मानधन त्याच यादीत दाखवा. पारंपरिक कलेचा उल्लेख आला की कंपन्यांच्या सीएसआरची (सामाजिक उत्तरदायित्वाच्या निधीची) वाटही उघडते, कारण कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत पारंपरिक कला आणि हस्तकला आहेत. मात्र कंपनी स्वतः राबवत नसेल तर सीएसआरचा पैसा राबवायला नोंदणीकृत न्यास किंवा संस्था लागते, तीही सीएसआर-१ हा नोंदणी अर्ज भरलेली. सुटा गट तिचा पुरवठादार होऊ शकतो, राबवणारा नाही.

उरला पाठपुरावा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. पंधरा दिवसांनी त्या क्रमांकावरून नस्ती कोणाच्या टेबलावर आहे ते विचारा. "वर गेलीय" हे उत्तर आलं तर कोणाकडे, कोणत्या तारखेला, ते जावक नोंदवहीत पाहायला सांगा. दीड महिना झाला तर १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज: नस्तीवरच्या टिपण्यांच्या प्रती मागा, "कारवाई का झाली नाही" असं विचारू नका. "का" ला उत्तर देणं बंधनकारक नाही, प्रत देणं आहे. बऱ्याचदा प्रती काढायला म्हणून नस्ती शोधतात आणि मग ती हलते.

---

रेघोट्या

लाकडी बैल घेतले, आराखडा बदलला. उद्या प्लास्टिक चिकटवतोय.

---

चुनखडी

चिकटवायच्या आदल्या रात्री स्प्रिंकलर बंद करायला सांगू नका. रोजच्यासारखे चालू राहू द्या, नाहीतर भिंत खोटं बोलेल.